त्यांच्या दारात जायच्या आधी

मी एसटीत कंडक्टर आहे. मालवण तालुक्यातल्या गावागावांतून सकाळी शाळेची मुलं घेऊन येणारी गाडी माझ्याकडे असते, आणि आठवड्यातून दोनदा मुक्कामी ड्युटी. सोळा वर्षं झाली. पाचवीतलं पोर पहिल्यांदा पास घेऊन चढतं, तिथपासून बारावीचा शेवटचा पेपर देऊन उतरतं तिथपर्यंत मी त्याला बघत असते. कोण कोणासाठी जागा धरतं, कोणाचा डबा मागच्या सीटवर हातोहात फिरतो, कोण चढल्याबरोबर माझ्या शेजारी येऊन उभं राहतं, हे मला त्यांच्या आईबापांच्या आधी कळतं. तरी माझ्याच मुलाला वर्गातल्या मुलाने ढकललं तेव्हा मी जे केलं ते चुकलं, आणि त्याची झळ त्याला सात महिने लागली. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

जुलैचा महिना होता. तो पाचवीत. मधल्या सुट्टीत शाळेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणावर, बसला होता. वर्गातल्या एकाने मागून ढकललं आणि तो हनुवटीवर पडला. सरांनी लगेच ग्रामीण रुग्णालयात नेलं, तीन टाके पडले. मी मुक्कामी गाडीवर. त्या गावात रेंज मिळते ती फक्त देवळाच्या पायरीवर. रात्री आठला सासूबाईंचा फोन लागला. "बाबूक लागला. पण रगात थांबला, तू काळजी करू नको." आणि मी पहिला प्रश्न विचारला, "कोणी ढकलला?"

तिथूनच चुकायला सुरुवात झाली. ज्यांचं काम घराबाहेर आहे, ज्यांना अशी बातमी फोनवरच कळते, त्यांनी हे प्रश्न पाठ करून ठेवावेत. शुद्ध गेली होती का? उलटी झाली का? नेहमीसारखं बोलतोय ना, की पेंगतोय? तोंड पूर्ण उघडता येतंय का? दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतायत का? शेवटचे दोन हनुवटीवर पडलेल्या मुलासाठी. मार हनुवटीला लागतो आणि हाड मोडतं कानाजवळ, जबड्याच्या सांध्यात. टाके घातले म्हणजे झालं असं घरच्यांना वाटतं. कानापुढे दुखत असेल किंवा तोंड एका बाजूला जात असेल तर परत दाखवायचं.

डोक्याला मार असेल तर पुढचे दोन दिवस डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, त्यातले पहिले 24 तास जास्त. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवून न उठणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही येणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन. सकाळच्या गाडीची वाट बघू नका.

चिऱ्यावर पडलेल्या जखमेबद्दल जरा जास्त सांगते, कारण आमच्याकडे शाळा चिऱ्याची, गडगा चिऱ्याचा, पायवाटही चिऱ्याची. हा दगड खरबरीत, भोकं भोकं असलेला. त्याचे लाल कण कातडीत घुसतात. ते राहिले तर जखम पिकते, आणि भरली तरी आत डाग कायमचा राहतो. म्हणून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली, मूल ओरडलं तरी, नीट धुवायची. आमच्या सासूबाई दगडीपाला चुरून पिळतात, कोणी हळद दाबतं, कोणी कॉफी. उघड्या जखमेत यातलं काही नको; डॉक्टरांना आधी ते सगळं काढत बसावं लागतं आणि जखम किती खोल आहे तेही दिसत नाही. स्वच्छ कपडा दाबून धरायचा आणि निघायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते आठवून जा. लसीकरणाचं कार्ड सापडलं तर घेऊन जा.

बाकीचं थोडक्यात. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नाही. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता चिमटीत धरायचा. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता उचलायचा, दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत. चावल्याची जखम दिसायला लहान, पण माणसाच्या तोंडातले जंतू वाईट. साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवायचीच. डोळ्याला पेन्सिल लागली तर चोळू नका, आत काही रुतलं असेल तर काढू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरांना सांगा, केस पेपरवर मार कशाने लागला ते लिहा. माझ्या मुलाच्या पेपरवर नुसतं 'पडल्याने जखम' असं आहे. ढकलल्याचा उल्लेख नाही, कारण तो करून घ्यायला तिथे मी नव्हते आणि सरांच्या ते लक्षात आलं नाही. फोटो त्याच दिवशी काढा, आणि परत दोन दिवसांनी. मुका मार आधी दिसत नाही, नंतर काळानिळा होऊन वर येतो.

आता माझी चूक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटी संपवून उतरले ती घरी न जाता सरळ त्या मुलाच्या घरी गेले. माझ्या अंगावर खाकी, खांद्याला तिकिटाचं मशीन तसंच. त्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहून मी तोंडाला येईल ते बोलले. वाडीतली चार माणसं गोळा झाली. मुलाचा बाप घरात होता, पावसाळ्याची बंदी म्हणून बोटी किनाऱ्याला लागलेल्या. तो काही बोलला नाही. त्याने आतून काठी आणली आणि माझ्यासमोर पोराला मारलं. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं.

माझा मुलगा गडग्याशी उभा होता. सासूबाई त्याला घेऊन माझ्यामागोमाग आल्या होत्या. त्याने सगळं बघितलं.

त्यानंतर त्याला कोणी ढकललं नाही. पण त्याच्या चपला व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेल्या, छत्रीच्या काड्या मोडल्या, डब्यात वाळू आली, आणि त्याच्याशी बोलेल त्याच्याशी कोणी बोलायचं नाही असं वर्गात ठरलं. यातलं त्याने घरी काहीच सांगितलं नाही. चपला वाहून गेल्या म्हणाला. छत्री वाऱ्याने मोडली म्हणाला. कोकणातल्या पावसात दोन्ही पटण्यासारखं. फेब्रुवारीत त्याच्या वर्गातली एक मुलगी गाडीत माझ्याजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, त्याका कोण खेळाक घेणत नाय." त्या रात्री मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुका सांगितला तर तू परत थंय जातलंस."

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की मूल तुम्हाला सांगतंय, ही वाट आधी जपा. बाकी सगळं त्यानंतर. आणि तुम्ही ऐकल्याबरोबर उठून कुठे निघालात की ती वाट बंद होते.

ऐकायचं कसं, हे मला नंतर कळलं. मुलाला समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलं की ते उत्तर देतं. सांगत मात्र नाही. शेजारी बसलं की सांगतं. गाडीतही तसंच आहे, शेजारच्या सीटवर बसलेली मुलं खिडकीबाहेर बघत बघत मला जे सांगतात ते घरात सांगत नसतील. पावसाळ्यात आम्ही मागल्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसतो. हाताला काम असतं, नजर खाली असते. तेव्हा बोलणं निघतं. तुमच्याकडे आठळ्या नसतील तर लसूण सोला, शेंगा फोडा.

विचारायचं कमी. "मग?" आणि "तेव्हा तू कुठे होतास?" एवढं पुरतं. "त्याने तुला मुद्दाम ढकललं ना?" असं विचारलं की मूल आपल्याला हवं तेच सांगतं, आणि पुढे शाळेत ते बोलणं टिकत नाही. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न पहिल्या दिवशी नकोच. त्याने आधी काही केलं असेलही, ते कळेल, पण रक्त सुकायच्या आत विचारलं तर त्याला ऐकू येतं की चूक तुझीच. आणि "तू दोन का नाही लगावल्यास?" हे तर बाप हमखास म्हणतात. ज्याला मार बसला त्याला आपण भित्राही ठरवतो. माझ्या नवऱ्याने तेच म्हटलं होतं. चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण मुलगा उठून आत गेला.

एक वाक्य मात्र मोठ्याने सांगा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही." आणि ते पाळा. याला एकच अपवाद आहे, तो खाली येईल.

तो झोपला की वहीत लिहा. तारीख, वार, जागा, कोण होतं, काय झालं, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. आपली भाषा घालू नका. तो "दुखला" म्हणाला तर "अमानुष मारहाण" लिहू नका.

मग शाळा. आधी वर्गशिक्षक, एकदम मुख्याध्यापक नाही. फाटकात गाठून नाही, सकाळी प्रार्थनेच्या वेळी नाही. निरोप पाठवून वेळ मागा आणि बसून बोला. पहिल्या भेटीत शिक्षकांना आरोपी करू नका. साठ मुलांच्या मधल्या सुट्टीत सगळंच कोणाला दिसत नाही, मलाही चाळीस सीटच्या गाडीत दिसत नाही. पण एक गोष्ट आमच्याकडचे पालक सहज बोलून जातात, "सर, त्याला तुम्हीच दोन लावा," ती बोलू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही करायला मनाई आहे. दुसऱ्याचं पोर असलं म्हणून तो कायदा बदलत नाही. आणि मार खाऊन ते पोर काय करतं ते मी वर लिहिलंच आहे.

शिक्षा मागण्यापेक्षा व्यवस्था मागा. फेब्रुवारीत मी जो अर्ज दिला तो जवळजवळ असाच होता:

"प्रति, वर्गशिक्षक, इयत्ता पाचवी. विषय: माझ्या मुलास वर्गात होत असलेल्या त्रासाबाबत. महोदय, जुलैमध्ये मधल्या सुट्टीत माझ्या मुलास गडग्यावरून ढकलल्याने हनुवटीस तीन टाके पडले. केस पेपरची प्रत जोडली आहे. त्यानंतर त्याच्या चपला, छत्री व डबा यांचे नुकसान झाले असून वर्गातील मुले त्याच्याशी बोलत नाहीत, असे तो सांगतो. तारखा मागील बाजूस लिहिल्या आहेत. माझी विनंती अशी: मधल्या सुट्टीत गडग्याच्या बाजूस एक शिक्षक असावेत. दोन्ही मुलांच्या बसण्याच्या जागा लांब असाव्यात. त्रास झाल्यास माझ्या मुलाने कोणत्या शिक्षकांकडे जावे, ते त्याला नाव घेऊन सांगावे. दुसऱ्या मुलास मारहाण होऊ नये. पंधरा दिवसांनी आपण पुन्हा भेटावे, ही विनंती."

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखंच. हे मी एसटीच्या नोकरीत शिकले. अर्ज लिहून दिला की शिक्षक दुखावतील असं वाटतं. तोंडी बोलताना हसून बोला, पण कागद द्या.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर मुख्याध्यापक. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती. ही समिती जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत कायद्यानेच असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असायला हव्यात. म्हणजे तिथे तुमच्याच वाडीतली कोणीतरी बसलेली असते. तिला आधी भेटा. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तेही विचारा. तरीही नाहीच झालं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. माझं काम वर्गशिक्षकांवरच झालं. त्यांनी मुलाला संगीताच्या बाईंचं नाव सांगितलं आणि बाईंनी त्याला तबल्याच्या खोलीची चावी सांभाळायला दिली. तो मधल्या सुट्टीत तिथे जाऊ लागला. मी अर्जात मागितलं होतं त्याहून हे बरं होतं.

आता तो अपवाद. मुलाच्या किंवा मुलीच्या लाजेच्या जागी हात लावला असेल, कपडे काढायला लावले असतील, तसा फोटो किंवा व्हिडिओ काढला असेल, चाकूसारखं काही दाखवलं असेल, पैसे उकळत असतील, तर तिथे "तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही" हे लागू नाही. मुलाला तसं स्पष्ट सांगा: हे मला मोठ्यांना सांगावं लागेल, तू सोबत असशील, आणि तुझी चूक नाही. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. पोलिसांसाठी 112. लैंगिक प्रकार असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे. शाळेने मिटवायचं, गावकीत बसून मिटवायचं, नारळ ठेवून मिटवायचं, असलं काही चालत नाही. करणारा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. "पोराचं आयुष्य बरबाद होईल" म्हणून गप्प बसायला सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पुरावा म्हणून मोबाइलवरचं काही पुढे कोणाला पाठवू नका, फोन तसाच पोलिसांकडे द्या.

उलट मारावं की नाही? मी मुलाला मारायला शिकवलं नाही. हात वर करून मोठ्याने "थांब" म्हणायला शिकवलं, गाडीतही आणि पडवीतही, आमच्या कोंबड्या उडाल्या इतक्या मोठ्याने. ओरडलं की मोठी माणसं वळून बघतात, आणि खोडी करणाऱ्याला नेमकं तेच नको असतं. मग जिथे मोठं माणूस असेल तिकडे चालायचं. कोणी धरूनच ठेवलं असेल तर सुटण्यासाठी जे करावं लागेल ते कर, असंही सांगितलं. यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाही.

जखम भरल्यानंतरचे दोन-तीन महिने बघत राहा. सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि अकराला थांबतं. डबा भरलेला परत येतो. एक स्टॉप आधी उतरून चालत जातो. मागे बसणारा मुलगा अचानक माझ्या सीटजवळ उभा राहू लागतो. हे तर मी कितीतरी मुलांच्या बाबतीत बघितलंय, आणि आता त्या मुलांच्या घरी निरोप देते. तुमचं मूल एसटीने जात असेल तर कंडक्टरला विचारा, तो कुठे बसतो? आम्हाला माहीत असतं. झोप उडाली असेल, अंथरूण ओलं होत असेल, जगायचंच नाही असं बोलत असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

दुसऱ्या मुलाच्या घरच्यांशी बोलायचं ते शाळेत बोलणं सुरू झाल्यावर, शक्यतो शिक्षकांसमोर. मला ती संधी फार उशिरा मिळाली. आमच्या पट्ट्यात आचरा, चिंदर, वायंगणी इथे गावपळण असते. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या घालून राहतो. मुलगा सहावीत असताना डिसेंबरमध्ये पळण झाली आणि त्या मुलाच्या आईची राहुटी माझ्या शेजारी आली. गावात अशी गाठ पडणारच असते. दीड वर्ष आम्ही बाजारात एकमेकींना टाळलं होतं. दुसऱ्या रात्री चुलीशी ती म्हणाली, जुलैत तू खळ्यात ओरडलंस तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पोराने काहीतरी केलंय. शाळेतून कोणी सांगितलं नव्हतं. "माका एकटीक सांगूचा होता," एवढंच म्हणाली. त्या काठीबद्दल मी तिची माफी मागितली. ती रडली. तिने मग सांगितलं की गडग्यावरची ती जागा तिच्या मुलाची, पहिलीपासून तो तिथे बसायचा, आणि माझा मुलगा आणि आणखी दोघं त्याला तिथे बसू देत नव्हते. हे माझ्या मुलाने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

म्हणून कोणाच्या घरी जायचंच झालं तर एकटीने एकटीला भेटा. मुलं सोबत नकोत, अंगणात नको, घरातले पुरुष जेवायला बसलेत तेव्हा नको. "तुमच्या मुलाने" अशी सुरुवात न करता "आपल्या दोघांच्या मुलांचं काहीतरी झालंय, तुला काही ठाऊक आहे का?" असं विचारा. आणि आपल्या मुलाने काही केल्याचं कळलं तर ते ऐकून घेऊन, घरी येऊन, त्याच पडवीत शेजारी बसून विचारा. तिथेही "मग?" एवढंच.

ती दोघं मित्र झाली नाहीत. एका गाडीने येतात, एक पुढच्या दारापाशी बसतो, एक खिडकीत. माझा मुलगा आता सातवीत आहे. अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि तो केस पेपर अजून कपाटात आहे.

मागच्या आठवड्यात आठळ्या सोलताना तो आपणहून म्हणाला की वर्गात मुंबईहून एक नवा मुलगा आलाय, आणि त्याच्या चपला कोणीतरी गडग्यापलीकडे टाकतंय. मग हातातली आठळी टोपात टाकून म्हणाला, "सरांक मी सांगू, की तू अर्ज लिवतलंस?"

मी म्हटलं, आधी त्या पोराला विचार, त्याला काय करायला हवंय.